पुराची कादंबरी आन् झुंबरबाईच्या कुरडया

आधीच सांगते, यातलं अक्षर न् अक्षर खरं हाये. एक शब्द जरी पदरचा निघाला तर माझ्या तोंडातले उरलेसुरले दात आत्ता या ताटात पडोत. बघा, पडले का? न्हाई ना? मंग गप ऐका. मधीच हसायचं न्हाई, आन् "आज्जे, असं कुठं असतं का" म्हणायचं न्हाई. असतं. टेंभुर्णीत असतं.

टेंभुर्णीच्या उषाबाई म्हणजे रिटायर मास्तरीण. निम्म्या गावाला त्यांनी पाढे शिकवले आन् उरलेल्या निम्म्याचे कान पिळले. आता घरात एकट्या. पोरगा भारत पुण्याला, आन् भिंतीला भिंत लावून झुंबरबाई. एवढाच परिवार.

तर उषाबाईचं एक शास्त्र व्हतं. कादंबरी वाचायची ती ऋतू बघून, आन् तीबी उलटी. आपण उन्हाळ्यात ताक पितो, हिवाळ्यात डिंकाचा लाडू खातो, तसं. बाहेर जे न्हाई ते पुस्तकात पायजे. पोह-माघात बोटं आखडली की धुळीची, वाळवंटातली, उन्हानं माणसं करपत्यात अशी जुनी जाड कादंबरी काढायची. पावसाळ्यात लाइट जाते, घर कोंदटतं, तवा मोठ्या शहरातली, झगमग रोषणाईची. आन् शिमगा झाला, पत्रे तापायला लागले, की पुराची. नावं सांगत न्हाई. नावं सांगितली की तुमी वाचनालयातून आणसाल, वाचसाल, आन् अवकाळी आली की माझ्या दारात येऊन बोंबलसाल.

वाचायचं पण मोठ्यानं. मनात वाचलं की घर लई शांत पडतं, असं त्या म्हणायच्या. दिवस कलला की ओट्यावर खुर्ची टाकायची आन् वर्गात वाचल्यासारखं खणखणीत सुरू. पान संपलं की मान वर करून, "समजलं का?" आता ओट्यावर कोण? एक तुळस आन् एक झुंबरबाईची शेळी. शेळी मान हलवायची, पण ती पाला खातानी. तरी बाई जरा थांबायच्या. कोणी हात वर करतंय का बघायच्या. मंग पान उलटायच्या.

भारतला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणला, "आई, आता मोबाइलवर कादंबऱ्या ऐकायला मिळत्यात. मी टाकून देतो. तुला घसा कोरडा करायचं कामच न्हाई."

"आन् मंग मी काय करू?"

"तू ऐकायचं."

"ऐकायला हे एवढं घर हाये की रे. बोलणाराच न्हाई."

"आई, आवाज तुटून राह्यला," म्हणला भारत, आन् खरंच तुटला.

त्या चैतात बाईनं पुराची कादंबरी काढली. त्यात एका नावाड्याची बायको हाये. नवरा पैलतीरावर अडकलेला, नदी फुगलेली, आन् ही एकटी नाव घेऊन निघती. त्याच दिवशी झुंबरबाईनं गव्हाचा चीक शिजवून गच्चीवर जुन्या लुगड्यावर कुरडया घातल्या व्हत्या. वर्षाचं वाळवण. इकडं बाईनं वाचलं, "ढग नदीवर वाकले आणि पहिला कडाडा झाला," आन् तिकडं गच्चीवर कडाडा झाला.

गारा केवढ्या म्हणसाल? लिंबाएवढ्या म्हणलं तर गारांचा अपमान होईल. मोसंबीएवढ्या. एक गार तर पत्र्यावरून उसळून देवळाची घंटा वाजवून गेली, पुजारी आरतीला उठून बसला. कुरडयांचा पुन्हा चीक झाला आन् पन्हाळीतून अंगणात आला.

झुंबरबाई भिंतीवरून उगवली. "आवो बाई, दुसरं काही मिळालं न्हाई का वाचायला? केव्हाच्या पूर पूर करून राह्यल्या. वरच्यानं ऐकलं ना!"

"झुंबर, ती गोष्ट हाये."

"आन् माझ्या कुरडया का गोष्ट व्हत्या?"

उषाबाईनं तिला समजावलं. समुद्राचं पाणी तापतं, वाफ होती, ढग होत्यात. झुंबरबाईनं सगळं ऐकून घेतलं आन् विचारलं, "मंग समुद्र माझ्याच गच्चीवर कसा आला?" शास्त्राचं असंच असतं, मोठमोठं सांगतं आन् कुरडईपाशी येऊन अडतं.

दोन दिवसांनी तलाठी पंचनाम्याला आला. झुंबरबाईनं त्याला शेतात जाऊच दिलं न्हाई, आधी गच्चीवर नेलं. "लिहा. नुकसान कुरडया. कारण कादंबरी."

तलाठी म्हणला, "मावशी, कुरडईला रकाना न्हाई. कादंबरीला तर बिलकुल न्हाई."

"मंग पाडा की नवा."

"रकाना पाडायला वरून आदेश लागतो."

"वरूनच तर पडलं ना सगळं!"

तलाठी बिचारा घाम पुसत उषाबाईच्या ओट्यावर आला, पाणी प्याला, पुस्तक हातात घेऊन उलटंसुलटं करून पाह्यलं. मंग इकडं तिकडं बघून हळूच म्हणला, "बाई, आमच्या मामाच्या गावाला टँकर चालू हाये. तिकडं येऊन एखादं पान वाचता का?"

सरकारचा माणूस असं म्हणल्यावर गावाला आणिक काय पुरावा पायजे? सांजपर्यंत बातमी वेशीच्या पार गेली. उषाबाईला राग आला. शाळेत आयुष्य घालवलेली बाई, तिच्या अंगणात हे अडाणीपण! त्यांनी गावाला बोलावलं. म्हणल्या, "या सगळे. तुमच्यादेखत वाचते. प्रयोगच करून दाखवते. आभाळ कोरडं ठाक हाये, कोरडंच राहणार."

ओटा गच्च भरला. बाईनं वाचायला घेतलं. नावाड्याची बायको नाव लोटती, दोर सोडती. आन् काय सांगावं, कुठून एक ढगाचं पिल्लू आलं, बरोबर ओट्यावर थांबलं, अंगणात सडा टाकल्यासारखं शिंपडलं आन् गेलं. शेजारच्या गल्लीत धूळ तशीच!

गावानं हात जोडले. प्रयोग संपला.

दुसऱ्या दिवशीपासून बाईचा ओटा म्हणजे बाजार समिती झाली. तातेराव आला. तातेरावनं कांद्याचं बी केलं व्हतं, गोंडे खुडून खळ्यात वाळायला टाकलेले, पावसाचा एक शिंतोडा चालायचा न्हाई. "बाई, पाया पडतो, ती नाव तेवढी बंद करा. कोरडं काही तरी लावा." वीटभट्टीवाला म्हणला, माझंबी तेच. ज्याच्या विहिरीला पाणी न्हाई तो म्हणला, बिलकुल बंद करू नका, उलट थोडं जोरात वाचा. दोघं तिघं हमरीतुमरीवर आले. बाईनं छडीसारखी फुटपट्टी आपटली, "खाली बसा!" सगळे बसले. लई वर्षांनी बाई म्हणल्या आन् कोणी बसलं.

आता खरं सांगायचं तर बाई तिथंच बोलू शकल्या असत्या, की बाबांनो, हा योगायोग हाये. एकदा तोंडाशी आलंबी. तेवढ्यात पान संपलं, सवयीनं त्या म्हणल्या, "समजलं का?" आन् अख्खा ओटा एका सुरात म्हणला, "समजलं, बाई!" बाईनं पुढचं पान उलटलं. बोलायचं राह्यलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहाचं मोठं पातेलं माळ्यावरून काढलं आन् झुंबरबाईकडून सतरंजी मागून आणली.

तक्रारी वाढल्या तसं प्रकरण ग्रामसभेत गेलं. सरपंच पुंजाराम म्हणले, "हे बराबर न्हाई. एकाचं वाळतंय, एकाचं भिजतंय. वर्षाचं नियोजन झालं पायजे. कोणत्या ऋतूत कोणती कादंबरी, ते गाव ठरवील." ठराव मांडला. सूचक वीटभट्टीवाला, अनुमोदक तातेराव. चैत-वैशाखात फक्त कोरडी. मृग लागला की पुराची. सोयाबीन काढणीला पुन्हा कोरडी. थंडीची कादंबरी गव्हाला चांगली, म्हणून दिवाळीनंतर. प्रेमाच्या कादंबरीवर मात्र सभा अडली. एक म्हातारबा म्हणले, लग्नसराईत नको, पोरी बिथरतील. दुसरे म्हणले, पावसाळ्यातबी नको, पोरं रानात असत्यात. शेवटी प्रेमाला वर्षात जागाच निघाली न्हाई.

उषाबाई मागच्या बाकावरून उठल्या. "आरे, कादंबरीत पाऊस कमी आन् माणसं जास्त असत्यात. कोणी एकानं तरी विचारा की आत माणसं कोण हायेत."

"बाई, विषयाला धरून बोला," ग्रामसेवक म्हणला.

अपमान गिळून बाई घरी आल्या आन् नावाड्याची बायको तशीच भर धारेत सोडून त्यांनी पुस्तक मिटलं. कोरडी कादंबरी लावली. त्यात एक शिपाई वाळवंट तुडवत घरी चाललेला. अख्ख्या पुस्तकात पाण्याचा थेंब न्हाई, माणसं रडत्यात तीबी कोरडी. ऐकणारे जांभया देऊन राह्यले, पण उठला कोणी न्हाई. ज्याचा माल खळ्यात तो उठणार कसा?

मंग आले जुगलकिशोरशेठ, सरकी-पेंडीचे व्यापारी. हात जोडूनच आले. "बाईजी, आपल्या रुचिचं लग्न हाये. संभाजीनगरची पार्टी येऊन राह्यली. शेतात खुल्ला मंडप टाकलाय. एकदम सूखी कादंबरी पायजे, बिलकुल सूखी. कितना रोज वाचावं लागंल?"

"शेठजी, हे काय औषध हाये का?"

"औषधच समजा ना, बाईजी. परहेज, पथ्य काही असंल तर सांगा, घरात सगळे पाळतील."

रुचि म्हणजे बाईच्या हाताखालचीच पोर. पहिलीत रोज रडायची आन् बाईच्या पदराला नाक पुसायची. बाईनं तिच्यासाठी घसा बसंपर्यंत शिपाई चालवला. लग्नाच्या सकाळी आभाळ असं निळं, की शेठनं बाईला मंडपात पहिल्या रांगेत खुर्ची दिली, वऱ्हाडाला ओळख करून दिली, "ये हमारी बाईजी, मौसम इनके हाथ में है." बाई लाजल्या. पण पदर मात्र नीट करून बसल्या.

वरात दारात आली आन् आभाळ फिरलं. असं वारं मी जन्मात पाह्यलं न्हाई. मंडप पडला न्हाई हो, उठला! छत्रीसारखा फुगला, रस्ता ओलांडून गेला आन् बसस्टँडवर जाऊन बसला. तिथं भोकरदनच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांना वाटलं, अखेर आपल्याला शेड मिळालं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. बुंदीच्या कढईत गारा पडल्या त्या तुपात तडतडल्या. नवरदेवाची घोडी जी पळाली ती नवरदेवासकट जाफराबादच्या रस्त्याला लागली. त्याला तिथून माघारी आणला तवा रुचिचे फेरे गोडाऊनात सरकीच्या पोत्यांमधी झाले. लेहंगा चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेला.

दुसऱ्या दिवशी ओटा भरला, पण कोणी सतरंजीवर बसलं न्हाई. सगळे उभे. पुंजाराम सरपंच पुढं झाले.

"बाई, खरं सांगा. चोरून पुराची वाचली का?"

हो म्हणलं असतं तरी बाईचं निभावलं असतं. चार लोक बोलले असते, शेठनं तोंड फिरवलं असतं, आन् आठ दिवसांत ओटा पुन्हा भरला असता. पाऊस हातात असलेल्या बाईला कोण सोडतं? पण बाईच्या डोळ्यापुढून तो माखलेला लेहंगा हलंना.

"वाचली न्हाई," त्या म्हणल्या. "आन् वाचली असती तरी काही झालं नसतं. पुस्तकानं पाऊस पडत न्हाई, थांबतबी न्हाई. तुमाला मी चौथीत शिकवलंय. फळ्यावर चित्र काढलं व्हतं. तातेराव, तू तर ढगाला मिशा काढल्या व्हत्या."

तातेरावनं खाली पाह्यलं.

झुंबरबाई म्हणली, "मंग एवढे दिवस बोलल्या का न्हाई?"

"पहिल्या दिवशी बोलले व्हते, झुंबर. तू ऐकलं न्हाई. नंतर तुमी सगळे येऊन बसायला लागले." बाईनं चष्मा काढला, पदरानं पुसला. "मंग न्हाई बोलले."

शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं. एकेकानं चप्पल शोधली आन् गेला. झुंबरबाईनं सतरंजी झटकली, घडी घातली आन् काखेत मारली. शेळीबी त्या दिवसापासून मागच्या दाराला बांधली.

पुढच्या ग्रामसभेत ठराव रद्द झाला. ग्रामपंचायतीचा शिपाई सांगायला आला, "बाई, बंदी उठली. आता कोणत्याबी ऋतूत काहीबी वाचा." बाईला वाटलं व्हतं आपल्याला हायसं वाटंल. पण काहीबी वाचा म्हणजे काय, तर तुमी काय वाचता याचं गावाला सोयरसुतक न्हाई. बंदी व्हती तवा निदान कोणी तरी कान देऊन व्हतं.

सांजच्याला त्या सवयीनं मोठं पातेलं चढवायच्या आन् मंग त्यातलं पाणी पुन्हा माठात वतायच्या. ओट्यावर खुर्ची टाकायच्या, पण वाचायच्या न्हाई. भारतनं विचारलं, "आई, आवाज असा का येतो तुझा?" तर म्हणल्या, "घशाला आराम देऊन राह्यले." रस्त्यानं जाणारे मान खाली घालून जायचे. कोणाच्या मनात राग न्हवता, खरं म्हणजे. आपण येडे झाल्तो हे ज्या ओट्यानं पाह्यलं, त्या ओट्याकडं बघवत न्हवतं, एवढंच. पण हे बाईला कोण सांगणार?

रोहिण्या लागल्या. एके दिवशी आभाळ भरून आलेलं, आन् दारात तातेराव.

"बाई."

"काय रे? बी भिजलं का? आता माझ्याकडं येऊन काही उपयोग न्हाई, बाबा."

"बी गेलं. कंपनीची गाडी घेऊन गेली. वावर मोकळं पडलंय. पाऊस पडो न्हाईतर ऊन पडो, मला काय करायचंय?"

"मंग कशाला आला?"

तातेरावनं अंगठ्यानं पायरी खरडली. "ती नावाड्याची बायको. तुमी बंद केली तवा मधी धारेत व्हती. वल्हं हातातून गेल्तं तिच्या."

"बंदीला अनुमोदन कोणाचं व्हतं?"

"माझंच. पण बाई, मोटर चालू केली, पाटात पाणी आलं, की तीच दिसती. घरच्यांना सांगितलं तर हसून राह्यले. मंग मीच मनात म्हणलं, बाई तिला तिथंच सोडून उठल्या की काय? पुढं काय झालं तिचं?"

उषाबाई ताठ झाल्या. अख्ख्या गावानं केलेला अपमान त्या विसरल्या न्हवत्या. "आज मला सवड न्हाई," त्या म्हणल्या. "उद्या ये." आन् दार लावून घेतलं. तातेराव गेला न्हाई. वर्गाबाहेर उभं केल्यावर बसायचा तसाच पायरीवर गुडघे धरून बसला. बऱ्याच वेळानं कडी वाजली, दार उघडलं, आन् बाई म्हणल्या, "ये आत. पण मधी मधी बोलायचं न्हाई."

तो कुठला गप बसतो! पान संपायच्या आधीच म्हणला, "चुकलंच तिचं. धार तिरकी घ्यायला पायजे व्हती."

"तू कधी नाव चालवली का रे?"

"न्हाई. पण कळतं ना, बाई."

दोघांचं असं कडाक्याचं भांडण लागलं, की भिंतीपल्याड झुंबरबाईनं मिक्सर बंद केला.

हे सगळं खरं हाये. घंटा वाजवणारी गार खरी, बसस्टँडवरचा मंडपबी खरा, जाऊन विचारा. फक्त एक तेवढं मी पदरचं घातलं. ते "आज सवड न्हाई" म्हणून दार लावून घेतलं ना, ते. मास्तरीणबाईचा मान राहावा म्हणून जोडलं. बाईनं दार लावलं न्हाई. तातेरावच्या तोंडून "पुढं काय झालं" पुरतं निघायच्या आत बाईनं त्याला हाताला धरून आत घेतलं. पुस्तक शोधावंबी लागलं न्हाई. खुर्चीवरच व्हतं, त्याच पानावर. बाई एकट्या पुढं गेल्याच न्हवत्या.